आवाज उतरला, तरी पोट्टे वेडे का होतात?

डिसेंबर २०२४ मध्ये कॅनडाचा रॉक गायक ब्रायन अ‍ॅडम्स भारतात शिलाँगपासून गोव्यापर्यंत गाऊन गेला. मे २०२५ मध्ये गन्स अँड रोझेस हा अमेरिकी रॉक बँड मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेला. नागपूर अर्थातच कुणाच्याच यादीत नव्हतं. आपल्याकडच्या मंडळींनी नेहमीप्रमाणे विदर्भ एक्स्प्रेसची, दुरांतोची तिकिटं काढली, मुंबईत कुठल्यातरी मावसभावाकडे पथारी टाकली आणि परत आल्यावर धरमपेठेतल्या टपरीवर आठवडाभर दुसरा विषय निघू दिला नाही.

त्यांच्या बोलण्याकडे नीट कान दिला तर एक मजेशीर गोष्ट लक्षात येते. "जबरदस्त होतं बे" एवढं एकदा म्हणून झालं की उरलेली सगळी चर्चा फरकांची असते. अमुक गाणं खालच्या पट्टीत घेतलं. तमुक गाण्याचं दुसरं कडवं त्याने म्हटलंच नाही, पब्लिककडून म्हणवून घेतलं. गिटारचा तुकडा रेकॉर्डपेक्षा लांबवला. बंगलोरला वाजवलेलं गाणं मुंबईला गाळलं. साठीला टेकलेले बँकेतले काका आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा पोट्टा एकमेकांचं वाक्य तोडत हेच सांगत असतात.

बाहेरच्या माणसाला हे कळत नाही. पासष्टीच्या, सत्तरीच्या गायकाचा आवाज पूर्वीसारखा राहिलेला नसतो, हे चाहतेसुद्धा मान्य करतात. तरुणपणीचं स्वच्छ रेकॉर्डिंग मोबाइलवर जवळपास फुकट मिळतं. मग आठशे किलोमीटर जाऊन, चार तास उभं राहून उतरलेला आवाज का ऐकायचा? "जुन्या आठवणी, दुसरं काय" हे तयार उत्तर आहे. ते खोटं नाही, पण फार थोडं सांगतं. आठवणी तर घरच्या स्पीकरवरही येतात. माझ्या मते खरी मेख त्या फरकांतच आहे. गाणं तोंडपाठ असावं आणि तरीही पुढच्या क्षणी काय होईल याची खात्री नसावी, हा योग मेंदूला विलक्षण आवडतो. आणि वय झालेल्या गायकाच्या कार्यक्रमात तो तरुण गायकापेक्षा जास्त वेळा जुळून येतो.

मेंदू पैज लावत असतो

संगीत ऐकताना मेंदू स्वस्थ बसून आवाज गोळा करत नाही. पुढचा ठोका कधी पडेल, पुढचा सूर कुठला येईल, याचा तो सतत अंदाज बांधत असतो. २०११ मध्ये मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी काही लोकांना त्यांच्या अंगावर हमखास काटा आणणारं, त्यांनीच निवडलेलं संगीत ऐकवलं आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूची तपासणी केली. डोपामाइन हे आनंदाशी जोडलेलं रसायन दोनदा सुटताना दिसलं, आणि तेही मेंदूच्या दोन वेगळ्या भागांत. एकदा प्रत्यक्ष काटा येतो त्या क्षणी, आणि त्याआधी काही सेकंद, 'आता येणार, आता येणार' असं वाटत असताना. म्हणजे आनंदाचा एक हप्ता वाट पाहण्यातच मिळून जातो. त्यासाठी पुढे काय येणार हे माहीत असावं लागतं, म्हणूनच अनोळखी गाण्यापेक्षा पाठ असलेल्या गाण्यावर माणूस जास्त बेभान होतो.

पण फक्त ओळख पुरत नाही. २०१९ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी अमेरिकी लोकप्रिय गाण्यांच्या यादीतली ७४५ गाणी घेतली, त्यांतले सुमारे ८०,००० कॉर्ड (एकत्र वाजवलेले तीन-चार सूर) संगणकाला शिकवले आणि प्रत्येक कॉर्ड किती अनपेक्षित आहे याचा हिशोब मांडला. मग लोकांना तेच कॉर्ड, शब्द आणि चाल काढून टाकून, ऐकवले. निष्कर्ष साधा नव्हता. ऐकणाऱ्याला पुढचं पक्कं माहीत आहे असं वाटत असताना भलतंच आलं, तर मजा आली. उलट, पुढे काय येईल याचा काहीच पत्ता नसताना ओळखीचं आलं, तरीही मजा आली. सगळंच अपेक्षेप्रमाणे झालं किंवा सगळंच विस्कटलं, की मजा गेली.

आता हे मैदानावर आणून पाहा. रेकॉर्डिंग पाचशे वेळा ऐकलेल्या माणसाचा अंदाज अगदी पक्का झालेला असतो. ढोलकाचा कुठला ठोका कुठे पडतो इथपर्यंत. रेकॉर्डिंग त्याला धक्का देऊच शकत नाही. मंचावरचा गायक मात्र देतो. अमेरिकी गायक बॉब डिलन १९८८ पासून जवळजवळ अखंड फिरतोय, आणि स्वतःच्याच गाण्यांच्या चाली तो इतक्या बदलतो की मुरलेल्या चाहत्यांनाही दोन-तीन ओळी झाल्यावर कुठलं गाणं ते कळतं. अनेकांना ते आवडत नाही, आणि मलाही प्रत्येक वेळी ते झेपेलच असं नाही. पण ज्यांना आवडतं त्यांच्यासाठी ते ओळखणं हाच कार्यक्रम. त्याच्याच देशातला रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन दुसऱ्या टोकाचा. चाली फारशा मोडत नाही, पण कुठलं गाणं कधी येईल याचा नेम नाही. प्रेक्षकांनी पुठ्ठ्यावर लिहून आणलेल्या फर्माइशी तो मंचावरून गोळा करतो. जुलै २०१२ मध्ये हेलसिंकीत तो ४ तास ६ मिनिटं वाजवत होता. तेव्हा त्याचं वय ६२. तो तरुण असताना ज्यांनी ऐकला, त्यांनाही एवढा लांब कार्यक्रम मिळाला नव्हता.

काळी दोनचं गणित

वयाचा आवाजावर काय परिणाम होतो ते थोडं तपशिलात पाहायला हवं, कारण सगळ्यात जास्त वाद तिथेच होतात.

गळ्यातले स्वरतंतू म्हणजे स्नायू आणि त्यावरचं मऊ अस्तर. वय वाढतं तसा हा स्नायू बारीक होतो, अस्तराची लवचीकता कमी होते, स्वरयंत्राच्या कूर्चा हळूहळू हाडासारख्या कडक होतात. दोन्ही तंतू पूर्वीसारखे घट्ट मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते आणि आवाजात ती खरखर, तो श्वास ऐकू येतो. त्यात फुप्फुसांची क्षमताही घटलेली असते. त्यामुळे लांब ओळ एका दमात निघत नाही आणि वरच्या सुरांवर जोर लावता येत नाही. रॉकमधली बरीच गाणी गायकाने पंचविशीत, गळ्याच्या अगदी वरच्या टोकाला रचलेली असतात. तेव्हा कुणी विचार केलेला नसतो की हे आपल्याला चाळीस वर्षं गावं लागणार आहे.

उपाय आपल्या पेटीवाल्यांना शिकवायची गरज नाही: पट्टी उतरवायची. पांढरी तीनचं गाणं काळी दोनवर घ्यायचं. एवढ्या अर्ध्या सुराने प्रत्येक स्वराची कंपनं साधारण ६ टक्क्यांनी कमी होतात. ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना ते जाणवतही नाही, पण गाणाऱ्याच्या गळ्याला सगळ्यात अवघड जागी तेवढीच सवलत पुरते. गिटारच्या तारा सैल केल्या की त्यांचा आवाजही जरा जाड, भरदार होतो, तो बोनस. भागलं नाही तर आणखी अर्धा सूर. त्यानंतर मग बाकीच्या युक्त्या. वरची तान सोडून खालून वळण घ्यायचं, मागच्या गायकांनी वरचा सूर धरायचा, किंवा माइक सरळ पब्लिककडे फिरवायचा. यातली शेवटची युक्ती चाहत्यांना सगळ्यात जास्त आवडते, हे विशेष.

इथे अर्धवट माहितीवर बोलणाऱ्यांसाठी एक सूचना. गन्स अँड रोझेस ऐकून आलेल्या एकाने टपरीवर ठासून सांगितलं की गिटारी अर्धा सूर उतरवल्या होत्या, म्हणजे त्यांचा गायक अ‍ॅक्सल रोझ याचं वय झालं. वय झालंच आहे, तो १९६२ चा. पण त्यांच्या गिटारी १९८७ च्या पहिल्या अल्बमपासूनच अर्धा सूर खाली लावलेल्या आहेत. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सही बऱ्याचदा तसंच करायचा. खालची पट्टी म्हणजे म्हातारपण, असं सरसकट म्हणता येत नाही.

खरं तर आपल्याकडच्या श्रोत्याला हे कळायला जड जाऊ नये. वसंतराव देशपांडे सभागृहात पंचाहत्तरीचा गवई गायला बसला की त्याने तिसऱ्या सप्तकात जावं अशी अपेक्षा घेऊन कुणी जात नाही. तो कुठली जागा सोडतो आणि कुठली हट्टाने घेतो, हेच रसिक टिपत असतात. रॉकचा चाहता तेच करतो, फक्त उभा राहून आणि ओरडत. अवघड सूर जवळ येऊ लागला की हजारो लोक नकळत श्वास धरतात. येईल का याला? पंचविशीतल्या गायकाबद्दल हा प्रश्न पडतच नाही. सत्तरीतल्या गायकाबद्दल प्रत्येक गाण्यात पडतो, आणि तो सूर लागला की मैदान उसळतं. मघाशी सांगितलेली पैज ती हीच.

काहीजण यावर पळवाट म्हणून आधीच रेकॉर्ड केलेला आवाज मागून सोडतात. मला हे सगळ्यात वाईट वाटतं. त्यात सूर चुकणार नाही हे पक्कं होतं आणि त्याबरोबर पैजच संपते. त्यापेक्षा फाटलेला आवाज बरा.

छातीत वाजतं ते काय

आता थोडं मैदानाचं शास्त्र. घरचा स्पीकर आणि मैदान यांतला सगळ्यात मोठा फरक खालच्या, खर्जाच्या आवाजाचा असतो. बेस गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. त्या आवाजाची एक लाट आठ मीटरहून लांब असते. मोबाइलचा इवलासा स्पीकर ती हवेत ढकलूच शकत नाही. त्यावर आपण जे ऐकतो तो बेस नसतो, वरच्या सुरांवरून मेंदूने लावलेला तर्क असतो. मैदानात माणसाहून उंच रचलेल्या स्पीकरच्या भिंती ती हवा खरोखर ढकलतात, आणि छाती, पोट, पायाखालची जमीन सगळं थरथरतं. गणपतीच्या मिरवणुकीत ढोलपथकासमोर उभं राहिलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

या थरथरीचा परिणाम मोजलाही गेला आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात खास संशोधनासाठी बांधलेलं एक सभागृह आहे. तिथे एका इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कार्यक्रमात संशोधकांनी कानाला जवळजवळ ऐकूच येणार नाहीत इतके खालचे आवाज काढणारे स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले. प्रेक्षकांना काहीच कळलं नाही. पण स्पीकर चालू असताना त्यांची नाचतानाची हालचाल ११.८ टक्क्यांनी वाढली. हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच सभागृहात त्याआधी इयन थॉर्नली या कॅनडियन रॉक गायकाच्या नव्या अल्बमवर दुसरा प्रयोग झाला होता. काही लोकांनी त्याला समोर गाताना ऐकलं, काहींनी त्याच सभागृहात नुसता अल्बम ऐकला. डोक्यावर खुणा लावून कॅमेऱ्यांनी मानेची हालचाल टिपली. समोर गायक असताना माना जास्त वेगाने हलल्या, आणि स्वतःला त्याचे चाहते म्हणवणाऱ्यांच्या इतरांपेक्षा जास्त. गाणी तीच, जागा तीच.

मोठ्या मैदानात एक गंमत आणखी घडते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. (आपल्या मे महिन्यात, ४५ अंशांत, तो ३५८ च्या आसपास पोचतो. नागपूरच्या उन्हाचा हा एकमेव फायदा मला आजवर सापडला आहे.) गाण्याची लय मिनिटाला १२० ठोक्यांची असेल तर दोन ठोक्यांत अर्ध्या सेकंदाचं अंतर असतं. मंचापासून ४३ मीटरवर उभा असलेला माणूस ठोका ऐकून बरोबर टाळी देतो, पण आवाज तिथवर जायला आणि टाळी परत यायला मिळून पाव सेकंद लागतो. म्हणजे त्याची टाळी मंचावर नेमकी दोन ठोक्यांच्या मधोमध पोचते. ८६ मीटरवरच्याची टाळी अख्खा एक ठोका उशिरा येते, म्हणून ती पुन्हा तालात वाटते. मंचावरच्या ड्रमरला हा सगळा गदारोळ एकदम ऐकू येत असतो. म्हणून बरेच वादक बँडचा आवाज थेट ऐकवणारं यंत्र कानात घालतात आणि पब्लिकच्या टाळ्यांवर अजिबात विश्वास ठेवत नाहीत.

मागच्या लोकांसाठी मैदानाच्या मध्ये वेगळे स्पीकर उभारतात, तेव्हाही हाच हिशोब. त्यांतला आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, आणि वर काही हजारांश सेकंद आणखी. कारण आपला कान ज्या दिशेने आवाज आधी येतो तिकडेच गायक आहे असं मानतो. त्यामुळे शेजारच्या खांबावरून येणारा आवाजही दूरच्या मंचावरूनच आल्यासारखा वाटतो. चांगलं ऐकायचं असेल तर सगळ्यात पुढे घुसू नका. मैदानाच्या मधोमध ध्वनिमिश्रण करणाऱ्याचा मांडव असतो, त्याच्या आसपास उभं राहा. तो माणूस स्वतःच्या कानाला बरं वाटेल असाच आवाज लावत असतो.

पोट्टे तिथे काय करतात

काकांचं एक वेळ समजतं. माणसाला साधारण दहा ते तीस या वयात ऐकलेली गाणी आयुष्यभर सगळ्यात घट्ट लक्षात राहतात, हे मानसशास्त्रात वारंवार दिसलं आहे. नव्वदच्या दशकात व्हीआरसीई या नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलवर ज्यांनी सीताबर्डीवरून आणलेल्या कॅसेटी पेन्सिलीने गुंडाळल्या, ते आज पन्नाशीत आहेत. पण २००५ ला जन्मलेल्या मुलाला १९८७ च्या गाण्यावर भरून का यावं? २०१३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅरल क्रुमहान्सल यांनी विशीतल्या मुलांना गेल्या पाच-सहा दशकांतली लोकप्रिय गाणी ऐकवली. आपल्या काळाच्या गाण्यांबरोबरच, आईवडील तरुण असतानाच्या काळातली गाणीही या मुलांना जास्त ओळखीची आणि जवळची वाटली. त्यांच्या जन्माआधीची. घरात, गाडीत, रविवारी सकाळी बाप जे लावतो ते पोराच्या डोक्यात जातंच, मग ते कितीही तोंड वाकडं करो. म्हणून या कार्यक्रमांत बाप-लेक जोडीने दिसतात, आणि बऱ्याचदा तिकीट लेक काढते आणि पैसे बाप देतो.

अर्थात वेळ कमी आहे, ही जाणीव सगळ्यांच्याच मनात असते. बीटल्सचा पॉल मॅकार्टनी १९४२ चा, रोलिंग स्टोन्सचा मिक जॅगर १९४३ चा. जॅगरच्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया एप्रिल २०१९ मध्ये झाली आणि जूनमध्ये तो पुन्हा मंचावर होता. रॉक गायक ऑझी ऑसबॉर्नने ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्ये सिंहासनावर बसून शेवटचा कार्यक्रम केला आणि २२ जुलैला तो गेला. 'पुढच्या वेळी बघू' हे वाक्य या चाहत्यांनी केव्हाच सोडून दिलं आहे.

कान आणि घड्याळ

कानाचं तेवढं सांभाळा. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसवतो, पण त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली, तीही कानात घालायचे बोळे उपलब्ध ठेवून आणि विसाव्याला शांत जागा देऊन. एसी/डीसी या रॉक बँडचा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६ मध्ये डॉक्टरांनी सांगितलं की असंच चाललं तर पूर्ण बहिरा होशील. त्याने दौरा अर्ध्यावर सोडला आणि उरलेला दौरा अ‍ॅक्सल रोझने गाऊन पुरा केला. फोमचे बोळे औषधांच्या बऱ्याच दुकानांत मिळतात. ते घातल्याने आवाज दबतो, कर्कशपणा कमी होतो, पण गाणं ऐकू येतंच.

आणि आपल्या देशात रात्री दहाला भोंगे बंद करायचा नियम आहे. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवसच ही वेळ बारापर्यंत वाढवू शकतं. मोठे कलाकार सगळ्यात गाजलेली दोन-तीन गाणी शेवटासाठी राखून ठेवतात, म्हणजे ती इथे साधारण साडेनऊ ते दहाच्या मध्ये येतात. नेमकी त्याच वेळी काही शहाणी माणसं 'आता ट्रॅफिक होईल' म्हणून पार्किंगकडे चालू लागतात. आपल्या गटात असा कुणी असेल तर त्याला गाडीची चावी देऊ नका.